चिंधी बांधलेलं झाड

माहं माहेर सिंदी रेल्वेचं. टेशनच्या पल्याड, जिनिंगच्या मांगच्या आंगाले आमचं घर होतं, दोन खोल्या आन मांगं सांदवाडी, म्हंजे घरामांगची मोकळी जागा, तिथं माय भाजी लावे. बाप जिनिंगमंदी कापसाच्या गठानी उचले, त्याच्या आंगाले रुई चिकटूनच राहे, आन माय मिरच्या लावे. वांगे, चवळी, वाल हे सारं होतंच, पन माय मिरचीवाली. सिंदीच्या बाजारात बाया तिले नावानं नाई वळखत, मिरचीवाली कुठं बसली म्हनत. माहं बेबी नाव मायनंच ठेवलं. लगनात सासरच्याइनं दुसरं ठेवलं, पन ते कोनाच्या तोंडात बसलंच नाई, मंग बेबीची बेबीबाई झाली. आता बासष्ट वर्साची बेबी हावो मी. हासा भाऊ, सारेच हासते.

मायची मिरची कशी होती सांगतो. बोटाच्या दोन पेराएवढी लांब, देठापाशी सुरकुतलेली, आन वाळली का अशी गडद लाल पडे का कोनाले काळीच वाटे. तिचं तिखट सावकाश येते. पहिले तोंडात चव येते, तुम्ही म्हनता हे त काईच नाई, आनखी एक घास घेता, आन मंग मांगून येते ते. तिले नाव नोतं. दुकानातल्या मिरच्याइले नावं राह्यते, पाकिटावर फोटो राह्यते, हे नुसती मिरची. मी सासरी, आंजीत, आनल्यावर लोक तिले सिंदीवाली म्हनाले लागले. मायले तिच्या मायनं देल्ली होती, त्याच्या मांगचं मले नाई मालूम.

माय बी कसं धरे ते ऐका. वाफ्यातल्या साऱ्या झाडाइतून एक झाड निवडे. लय मिरच्या लागल्या ते नाई, तर ज्याले कोकडा आला नाई ते. कोकडा म्हंजे पानं मुरडते, झाड आखडून जाते, मिरचीचा तोच रोग मोठा. तर असं निरोगी झाड पाहून त्याले लुगड्याची चिंधी बांधे. चिंधी बांधली का त्या झाडाले कोनी हात लावाचा नाई, भाजीले मिरची नाई म्हनून चूल थांबली तरी त्याची तोडाची नाई. आन ते झाड राहे येकटं, वाफ्यापासून दूर, इहिरीच्या पलीकडं. मी लाहान होती, मी इचारलं, काऊन वं माय, येवढं दूर कायले लावतं, पानी न्याले लागते. ते म्हने, मधमाश्या ह्या झाडावून त्या झाडावर जाते, दुसरी मिरची जवळ असली का त्या तिचं याले लावून देते. आन त्याचं वाईट हे का त्या वर्सी काई दिसत नाई, मिरची तशीच दिसते. पुढच्या वर्सी ते बी लावलं का मंग समजते.

लगन झालं तवा मायनं माह्या वटीत नारळासंग एक पुरचुंडी टाकली. सासरच्या बायाइले वाटलं दागिना हाये. सोडून पाहते त वाळल्या मिरच्या. लय दिवस मले त्यावरून चिडवलं त्याइनं. पन वटीत टाकली बरं मायनं, हातात नाई देल्ली, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडं मीठ आन मिरची हातात देत नाई कोनाच्या. खाली ठेवाची, दुसऱ्यानं तिथून उचलाची. हातात देल्ली का त्या दोघाइचं भांडन होते म्हन्ते. आतापावतर बाजारातही जुन्या बाया हात पुढं नाई करत, टोपलं पुढं करते.

सासरी वावर थोडं, पन पानी होतं, आम्ही भाजीपाला लावाचो आन आंजीच्या बाजारात मी बसाची. वावरातल्या मिरच्या विकाच्या, त्या पाकिटाच्या. सांदवाडीतल्या घरच्या. लोक मले इचारते, बेबीबाई मिरची कोनती लावाची. मी म्हनतो, पहिले सांग तुह्या घरी खानारे कोन. भाजीत हिरवी चिरून टाकाची असन त लांबडी वाकडी ज्वाला लाव, पन ते वाळवली त रंग देत नाई, मंग मले शिव्या देजो नको. लाल तिखटाले रंग पायजे त भिवापुरी. लवंगी दोन झाडं पुरे, तिसरं लावलं का अर्ध्या आळीत वाटा लागते. भज्याची जाड सालीची येगळी. आन ठेचा, लोनचं, दह्यात भिजवून वाळवाच्या मिरच्या, ह्याच्यासाठी आमची सिंदीवाली. मिरग लागाच्या आंधी वाफा कराचा, बी टाकलं का वरून राख भुरकावाची, मुंग्या नेत नाई. रोप इतभर झालं का काढून लावाचं, संध्याकाळी लावाचं, दुपारी लावलं त मान टाकते. कोकडा दिसला का आंबट ताक शिपडाचं. ताकानं सारंच जाते असं नाई, पन आपल्या मनाले बरं वाटते.

आता शोभाचं सांगतो. शोभा म्हंजे माह्या लाहान्या दिराची बायको, माही जाऊ. माह्यानंतर सात-आठ वर्सानं आली, आष्टीकडची पोरगी, आंगानं बारीक, बोलनं कमी. घर एक, चूल एक, सांदवाडी एक. मी तिले सारं शिकवलं, वाफा कसा कराचा, बी कसं धराचं, चिंधी कशी बांधाची. ते मले बाई म्हने. आम्ही दोघी धुन्याले संग जावो, निंदाले संग जावो. तिले लेकरूबाळ झालं नाई. नागपूरले दवाखाने केले, नाई झालं. माहा पोरगा तिच्याच मांडीवर वाढला, खोटं काऊन बोलू.

एका मिरगाले काय झालं, मी रोपाचा वाफा करून राह्यली होती, हात मातीनं भरलेले. शोभा आली, म्हने बाई, औंदा मीही येगळा एक वाफा टाकतो, मले थोडं बी द्या. मी पदराची गाठ सोडली आन बी तिच्या हातावरच सोडलं. सासू ओट्यावर बसून होती. ते म्हने, अवं बेबी, हातात देल्ली का. मी म्हनलं, जाऊ द्या हो, काई होत नाई, घाईत हावो. शोभा हासली आन मूठ झाकून गेली.

वीस-बावीस दिवस झाले असन. शोभानं कोंबड्या पाळल्या होत्या, चार-पाच. सकाळी मी पाहतो त माहा वाफा उकरलेला. रोपाची काडी नाई राह्यली, सारं उलटंपालटं, आन कोंबड्या त्याच मातीत आंग घासून राह्यल्या. मी बाजाराले उशीर झाल्यानं आंधीच तापलेली. भाऊ, मी तिले जे बोलली ते मी तुमाले सांगत नाई, तुम्ही लिहू पन नका. कोंबड्यावरून सुरू झाली आन तिले लेकरू नाई त्यावर गेली, येवढं समजून घ्या. आळीतल्या बाया उभ्या होत्या. शोभानं एकेक कोंबडी धरली, काखेत घेतली, घरात नेली, आन दार लावलं.

त्याच दिवाळीत चूल येगळी झाली, सांदवाडीच्या मधातून भित आली. भाऊ भाऊ बोलत, एकमेकाच्या घरी चहा पेत, आम्ही बाया नाई. नऊ वर्स. सासू गेली तवा एका नांदीवर, म्हंजे पान्याच्या कुंडीपाशी, बसून दोघीनं भांडे घासले, ते राख लावे, मी धुवो, पन बोलनं नाई. मी मनाले म्हनो, हातात मिरची देल्ली त्याचं हे झालं. असं म्हनलं का माह्यावर काई येत नाई ना. मिरचीवर जाते सारं.

नऊ वर्स मी काय केलं, त मिरच्या वाढवल्या. हिकडून एक जात, तिकडून एक जात. बियाचं झाड तेवढं दूर ठेवो. कोनी पाव्हना आला का मी त्याले मांगं नेऊन दाखवो. शोभाच्या आंगाले जागा थोडी, भितीची सावली, तिच्याकडं एकच मिरची, मी देल्ली ते. मी आळीत म्हनो, तिच्या घरी पाहा, दुसरी जात म्हनून नाई, तेच ते. हे माह्यात होतं, हा घमेंडपना, आता कबूल करतो.

तीनेक वर्साआंधी आमच्या बचत गटाच्या बायाइनं ठरवलं का घरामांगच्या भाजीपाल्याचं प्रदर्शन करू, साहेब लोक पाहाले येनार. मी म्हनलं आता दाखवतो. एका वाफ्यात नऊ जाती लावल्या मी, ज्वाला, लवंगी, भिवापुरी, भज्याची, बोरावानी गोल, जांभळी, आनखी कोन्या कोन्या, आन शिमला. शिमला नातीसाठी. माही नात तवा पाच वर्साची, तिखट बिलकुल खात नाई, वरनातली मिरची दिसली तरी ताट सरकवते. आन साऱ्याच्या मधात सिंदीवाली, तिले नवी लाल चिंधी बांधली, का साहेब इचारन आन मी सांगीन. झाड मस्त दिसे. माही सून स्वाती म्हने, आई, तुम्हीच सांगता ना का बियाचं झाड येकटं ठेवा लागते. मी म्हनलं, तू नको शिकवू मले, चिंधी बांधली हाये ना. चिंधी बांधली होती, झाड येकटं नोतं. साहेब आले, फोटो काढले, मले स्टीलचा डब्बा भेटला. त्याच झाडाचं बी मी त्याच डब्ब्यात ठेवलं. जुनं बी होतं ते बिनकामाचं समजून ओसरीच्या फळीवर टाकून देल्लं, पावसाळाभर तिथं दमट खात राह्यलं.

पुढच्या वर्सी ते बी लावलं. रोप चांगलं, झाडं जोमात, कोकडा नाई. मिरच्या लागल्या तवा स्वाती म्हने, आई, ह्या फुगून राह्यल्या. मी म्हनलं, खत जास्त झालं असन. माह्या डोळ्याले दिसे पन मी पाहत नोती. मंग एक दिवस ठेचा केला, तव्यावर मिरच्या, लसून, मीठ, वाटीनं रगडला, भाकरीसंग वाढला. नात माह्या ताटाजवळ बसली, तिनं बोट लावून चाटलं. मी म्हनलं, आता रडन हे, पानी आना. ते म्हने, आजी, आनखी दे.

काय सांगू तुमाले. जे पोट्टी मिरची पाहून ताट सरकवते ते ठेचा मांगून राह्यली. म्हंजे मायची मिरची गेली. मी माह्या हातानं घालवली, डब्बा घेऊन. स्वातीनं नातीले आनखी ठेचा वाढला, ते जास्त लागलं मले.

मंग धावपळ. फळीवरचं जुनं बी आनलं, ओल्या फडक्यात बांधून ठेवलं, आठ दिवस, दहा दिवस, एकालेही मोड नाई. ज्या बायाइले मी वर्सानुवर्स बी वाटलं त्याइच्या घरी गेली. कोनी बी ठेवलंच नोतं, कोनी बाजूले पाकिटाची मिरची लावलेली, त्याइच्याही फुगलेल्या. सिंदीले भावाकडं फोन केला. तो म्हने, बाई, तिथं आता घर वाढवलं, इहीर बुजवली, कुठली मिरची. माय जाऊन चवदा वर्स झाले. मले तवा वाटलं का माय दुसऱ्यांदा गेली, आन ह्या वक्ती मीच तिले घालवली.

एक दिवस दुपारी मी मांगं भांडे घासून राह्यली होती, आन भितीच्या पलीकडून फोडनीचा ठसका आला. मिरची तेलात पडल्याचा. पहिले काई नाई, नुसता वास, आन मंग मांगून असा आला का मी खोकत बसली, डोळ्याले पानी. मी वळखला. ठसका सावकाश येते त्या मिरचीचा, मी सांगतलं ना. मी उलटी पाटी ठेवून तिच्यावर चढली आन भितीवून पाह्यलं. सावलीत, पार टोकाच्या कोपऱ्यात, माह्या वाफ्यापासून लय दूर, एक झाड येकटं उभं, आन त्याले चिंधी. शोभाच्या जुन्या हिरव्या लुगड्याची. मी शिकवली तशी गाठ, खोडाले नाई, दुसऱ्या फांदीले.

स्वाती शोभाशी बोलते, काकू काकू करते, मी कधी आडवलं नाई. ते म्हने, आई, मी आनून देतो, तुमचं नावच नाई काढत. मी म्हनलं, जा. गेली, आन रिकामी आली. मी म्हनलं, काय म्हने. स्वाती म्हने, काकू म्हनल्या का मले मालूम हाये कोनाले पायजे, ज्याले पायजे त्यानं यावं.

पंधरा दिवस गेली नाई मी. मी मोठी जाऊ, तिच्या दारात काऊन जाऊ, असं एक मन म्हने. दुसरं म्हने, अवं बेबी, बी त तिच्यापाशी हाये, मोठेपना घेऊन काय वाफ्यात टाकतं काय. ते झाड लाल होऊन राह्यलं होतं, रोज पाटीवर चढून पाहो मी. शेवटी एका सकाळी बाजाराचा दिवस नोता, आंग धुतलं, धड लुगडं नेसली, आन समोरून, रस्त्यानं, तिच्या दारात गेली. बारा पावलं हाये भाऊ, नऊ वर्सात नाई चालली होती.

शोभा ओसरीत तूर निवडून राह्यली होती. तिनं मान वर केली, पाह्यलं, सूप बाजूले ठेवलं, बसा म्हनलं नाई. मी उभ्यानंच म्हनलं, शोभा, मी तवा जे बोलली ते माह्या तोंडातून जायाले नोतं पायजे. माही चूक झाली. ते म्हने, काय बोलल्या होत्या बाई तुम्ही, सांगा. मले वाटलं ते ईसरली का काय. पन तिच्या तोंडाकडं पाह्यलं, ईसरली नोती. मी तोंड उघडलं, आन ते शबद नाई निघाले. खरंच नाई निघाले. शोभा म्हने, नाई म्हनता येत ना. मी रोज ऐकून राह्यली, नऊ वर्स.

मी खाली बसली आन रडली. लाज नाई मले सांगाले. शोभा नाई रडली. ते म्हने, तुमचा पोरगा माह्या मांडीवर मुतला, त्याले मी न्हाऊ घातलं, आन तुम्ही मले ते बोलल्या. मी म्हनलं, हो. दुसरं काय म्हनू. हो म्हनलं.

मंग ते उठली, मांगं गेली. मले वाटलं आता येत नाई हे, दार लावते. मी उठत होती तेवढ्यात आली, वंजळीत मिरच्या, लाल, झाडावरच वाळलेल्या, देठासकट. मी रीतीपरमानं पदर भुईवर पसरला, का तिथं ठेव, मी उचलतो. शोभा म्हने, पदर उचला. हात पुढं करा. मी म्हनलं, अवं, हातात नको देऊ. ते म्हने, मांगं हातात देल्ली तवा भांडन नोतं, ते झालं. आता भांडन हायेच, आता हातात देऊन काय होते ते पाहू.

आन तिनं माह्या दोन्ही हातात देल्ल्या मिरच्या, आन वरून आपल्या हातानं माह्या मुठी झाकल्या.

मागच्या मिरगाले ते बी लावलं मी. औंदा बी धरलं. ठेचा केला, नातीनं बोट लावलं आन घरभर बोंबलत पयाली, तिले गूळ देल्ला आन मी माह्या मायले हात जोडले. नऊ जाती नाई आता. ज्वाला वावरात, लवंगी आन शिमला समोर रस्त्याच्या आंगाले डब्ब्यात, आन मांगं येकटी हे. चिंधी बांधतो, पन आता झाड येकटं ठेवून बांधतो. एक झाड माह्याकडं, एक शोभाकडं, एकाचं गेलं त दुसऱ्याचं राहीन. भितीचे दोन फाडे, म्हंजे दगडं, आम्ही काढून टाकले, तिथून वाटी जाते, भाजी जाते. कोंबड्या पन येते. त्यावरून आम्ही रोज भांडतो, आत्ताही तुम्ही यायाच्या आंधी भांडलो, पन बोलून भांडतो. तिच्या मनातलं सारं गेलं असं मी म्हनत नाई. जायाचंही नाई. मी ते मांगत नाई तिले.

आता तुम्ही येवढं लिहून घेतलं, रिकामे नका जाऊ. थांबा, मिरच्या देतो, बी काढून लावजा, आन दुसरी मिरची जवळ नका लावू. हे घ्या, इथं पाटावर ठेवल्या, उचला. हात मांगं घ्या भाऊ, हातात मी कोनालेच देत नाई. एका शोभाले देतो.